पांढऱ्या पट्टीवरची हळद

"नवं कापड हळदकुंकवाचं बोट लावल्याबिगर अंगाला लावायचं न्हाय. मंग ते लुगडं असूंदे नायतर लंगोट."

हा ठमाबाईंचा आवाज. मैना लग्न होऊन खारबावला आली, त्याच्या दुसऱ्याच दिवशी सासूनं तिच्या हातातला नवा टॉवेल काढून घेतला होता आणि हे सांगितलं होतं. सासूला जाऊनही आता वर्षं लोटली. तरी घरात नवं कापड आलं, मग तो नवऱ्याचा ड्युटीचा शर्ट असो की लेकीचा शाळेचा गणवेश, की तो आवाज कानाशी येई आणि मैनाचं बोट करंड्यात जाई. कोपऱ्याला एक ठिपका हळदीचा, त्यावर कुंकवाचा. मगच घडी मोडायची.

त्या दिवशीही आवाज आला. मैना दापोड्याला चुलत जावेच्या, मेघालीच्या बंगल्यात सोफ्याच्या कडेवर टेकली होती आणि तिच्या मांडीवर शर्यतीचा पोहण्याचा सूट होता. काळाकुट्ट, खांद्यापासून गुडघ्यापर्यंत. हाताला कापडासारखा लागतच नव्हता. सुकलेल्या माशाची कातडी असते तसा पातळ, कडक. एवढ्याशा घडीत आपल्या लेकीसारखी, क्षितिजासारखी अंगानं भरत चाललेली पोर मावेल कशी, हेच तिला कळेना.

"घे गं, लाजतेस काय," मेघाली म्हणाली. "आमच्या मृणालीनं मागच्या निवडीला घातला होता, तेवढाच. यंदा तिला पप्पांनी नवा आणलाय. आता दोघी बरोबरीनं पोहू देत. कुणाला बोलायला जागा नको."

बोललं गेलं होतं, म्हणून तर हा सूट मांडीवर आला होता.

क्षितिजा पोहायला शिकली ती खाडीत. धनेशनं, तिच्या बापानं, तिच्या पाठीला रिकामा तेलाचा कॅन बांधला होता आणि भरतीच्या पाण्यात सोडलं होतं. नारळी पुनवेला गावात पोहण्याची शर्यत लागते, तिथं मितेश सरांनी तिला पाहिलं. वळ गावाच्या रस्त्याला गोदामांच्या मागं नवा क्लब झालाय, त्याच्या तलावावर सर शिकवतात. त्यांनी मॅनेजरशी भांडून तिला फुकटात आत घेतलं. मॅनेजर म्हणाला, जिल्ह्याच्या निवडीपर्यंत येऊ दे. निवड झाली तर पुढचं बघू. नाही झाली तर पाणी बंद.

निवडीत पहिली येईल ती एकटीच राज्याला जाणार होती.

मृणाली त्या तलावात आधीपासून होती. तिचा बाप केसरीनाथ म्हणजे धनेशचा चुलत भाऊ. एका आज्याची दोन घरं. पण दापोड्याच्या जमिनीवर गोदामं उभी राहिली आणि खारबावच्या जमिनीवर खारं पाणी. धनेश त्याच केसरीनाथच्या गोदामात फोर्कलिफ्ट चालवायचा. पोरी मात्र एका पाण्यात शेजारी शेजारी पोहत होत्या, आणि सुरुवातीला लांब मागं असणारी क्षितिजा दर महिन्याला जवळ सरकत होती. तिचा साधा सूट धुऊन धुऊन सैल झालेला. पाठीशी पाणी भरायचं आणि त्याची पिशवी व्हायची. ती पिशवी ओढत ती पोहायची आणि तरी सरावात मृणालीच्या वीतभरच मागं राहायची.

बाकीच्या मुली तिला निवटी म्हणायच्या. चिखलात उड्या मारते ती मासळी. "ए निवटी आली गं, पाय धू आधी!" क्षितिजा हसायची आणि म्हणायची, "निवटी धरायला गेलात तर चिखलात तुमीच बसाल." घरी येऊन मात्र ती पाय घासून घासून धुवायची. मैना बघायची.

पालकांच्या बैठकीत मितेश सरांनी विषय काढला. तो महागातला सूट अंग आवळून धरतो, पाण्याला अंगाशी चिकटू देत नाही. दमलेल्या पोरीला शेवटच्या टप्प्यात तोच तोलून नेतो. तेव्हा आपल्या क्लबातल्या सगळ्या मुली निवडीला साध्या सूटमध्ये उतरवूया.

"मग क्रिकेटवाल्यांचे बूट पण काढा सर," मागून कुणाचा तरी बाप म्हणाला. "सायकलवाल्यांना बैलगाडी द्या!"

हशा झाला. केसरीनाथ हसला नाही. "आमच्या पोरीनं मेहनत केली न्हाय का? सूट काय एकटाच पोहतो?"

"एकटा पोहत नाही शेठ, पण हात देतो," सर म्हणाले. "मग तो हात सगळ्यांना मिळू दे."

"हल्ली गरिबी पण कामाला लावतात लोक," एक बाई हळूच बोलली. हळूच, पण मैनाला ऐकू जाईल इतपत.

तेव्हा मेघाली उठली होती. "मी देते. माझ्या पुतणीला मी सूट देते. झालं समाधान?" टाळ्या पडल्या. दुसऱ्या दिवशी बंगल्यावर बोलावणं आलं. सूट हातात देतानाचा फोटो मेघालीनं नोकराकडून काढून घेतला. मैनाची मान जरा खाली गेली होती, म्हणून तो दुसऱ्यांदा काढायला लावला. क्लबच्या ग्रुपवर त्याला अंगठे आणि फुलं येऊ लागली.

हे सगळं मैनाच्या मनात होतंच. पण घेतलेल्या वस्तूबद्दल मनात आंबट ठेवू नये असं ती मानायची. दुसऱ्याच्या अंगावरचं असलं तरी पोरीला नवंच. ती संकोचून म्हणाली, "ताई, जरा हळदकुंकू मिळंल?"

"अगं, सवाष्णीच्या घरी हळदकुंकू मागायला लागतं का?" मेघाली स्वतः उठली. चांदीचा करंडा आणला, हळदीत दोन थेंब पाणी टाकून दिलं.

मैनानं सूट उलटापालटा केला. "काळ्यावर उठणार न्हाय ओ. आन् काळ्याला लावायचं तरी कसं?"

मेघाली जवळ येऊन वाकली. थोडा वेळ सूटकडे बघत राहिली. मग तिनं नखानं जागा दाखवली. "मागं बघ, कमरेपाशी. इवलीशी पांढरी पट्टी हाय. तिथं लाव."

खिडकीशी मोबाइल घेऊन बसलेल्या मृणालीनं मान वर केली. "मम्मी, ते लेबल..."

"तू गप बस. मोठी मानसं देवाचं करतात तवा मधी बोलायचं न्हाय." बंगल्यात राहायला आल्यापासून मेघालीनं ही बोली टाकली होती. आज ती सहज तोंडात आली. "नीट भरून लाव मैना. एका ठिपक्यानं काय होतंय? पोरीला नजर लागंल."

मैनानं भरून लावलं. आधी हळद, वर कुंकू. पट्टीवर बारीक आकडे आणि काळ्या चौकटीची नक्षी होती, ती सगळी बोटाखाली गेली. तिनं सूट कपाळाला लावला. मेघालीला वाकून नमस्कार केला. मेघालीनं तो घेतला.

मितेश सरांनी सूटबद्दल पुष्कळ बजावलं होतं. नख लावू नका, फाटेल. उन्हात घालू नका. दिवस येईपर्यंत पोरीला घालू देऊ नका, ताणला की गेला. पट्टीचं मात्र ते बोलले नाहीत. पट्टीला कुणी हात लावेल हे त्यांच्या मनातही आलं नसणार. सूट पिशवीत घडी होऊन देव्हाऱ्याखाली राहिला.

मैना सकाळी दिवा लागेपर्यंत कुणाशी बोलत नसे. हा तिचा रोजचा नेम. मंगळवारी ती मिठाशिवाय जेवायची. देवीच्या नावानं शपथ मात्र तिनं जन्मात कधी घेतली नव्हती; ज्या तोंडानं तिला हाक मारायची त्या तोंडानं तिला साक्षीला ओढायची नाही, असं तिचं म्हणणं. निवडीच्या आदल्या मंगळवारी तिनं दिव्यापुढं पदर पसरला. "वज्रेश्वरी आये, माझ्या पोरीला पयली येऊंदे. मी अनवानी चालत येऊन तुझी ओटी भरीन."

एवढंच मागितलं. राज्याचं, वसतिगृहाचं, मेडलचं तिला काही सुचलं नाही.

निवड यंदा त्याच क्लबात होती. सगळ्या जिल्ह्यातल्या पोरी आल्या होत्या. मुलींच्या कपडे बदलायच्या खोलीत ओला वास आणि आरडाओरडा. तो सूट अंगावर चढवणं म्हणजे बाळंतपण असतं हे मैनाला तिथं कळलं. पायाला प्लास्टिकची पिशवी घालायची, म्हणजे पाय सरकतो. मग पोटऱ्यांवर, मांड्यांवर बोटांच्या पेरांनी चिमूट चिमूट ओढायचा. पलीकडची एक आई म्हणाली, "बांगड्या काढा की ताई, अडकेल." मैनानं बांगड्या काढल्या नाहीत. दोन्ही मनगटांना ओढणीच्या चिंध्या गुंडाळल्या आणि गुडघ्यावर बसून ओढत राहिली. क्षितिजा भिंतीला हात टेकून दात आवळून उभी. आईच्या कपाळाचा घाम तिच्या मांडीवर पडत होता आणि सूट तो पिऊन घेत नव्हता, खाली टपकवत होता.

"आई, जीव घुसमटतोय."

"घुसमटूंदे. जरा येळच."

पाठीकडून तो वर ओढताना मैनाला भरून लावलेली पट्टी दिसली. हळद वाळून पिवळीधमक झाली होती, कुंकू तिच्यात मुरलं होतं. तिला बरं वाटलं. तिनं त्यावरून हात फिरवला.

"निवटीनं कोट घातला गं!" दारातून कुणीतरी ओरडलं.

"कोट घातलाय, आता वरात बघा," क्षितिजानं तिथल्या तिथं दिलं, आणि टॉवेल गुंडाळून बाहेर गेली. तिला बोलावणाऱ्या माणसानं तिचं नाव विचारलं, नंबर विचारला, पुढं पाठवलं. टॉवेल काढायला लावला नाही.

मैना कठड्याशी उभी राहिली. मेघाली खुर्चीवर होती, सावलीत. तिनं हातानं बोलावलं, पण मैनाला बसणं शक्य नव्हतं. धनेशची ड्युटी होती. केसरीनाथला सुट्टी मागायची त्याला हिंमत झाली नव्हती.

शिट्टी वाजली आणि पोरी पाण्यात गेल्या. मृणालीची टोपी लाल, क्षितिजाची पिवळी, शेजारच्याच रांगांत. जाताना लाल पुढं होती. भिंतीशी वळताना लाल पुढं होती. परतीच्या वाटेवर पिवळी टोपी लालच्या खांद्याशी आली, मग कानाशी. आज पाठीशी पाण्याची पिशवी नव्हती. मैना ओरडली नाही. ओठात देवीचं नाव घेत तिनं कठडा धरला होता. शेवटी दोन्ही टोप्या भिंतीशी भिडल्या, आणि घड्याळ घेतलेल्या माणसांनी एकमेकांकडे बघून मान हलवली. फळ्यावर आधी क्षितिजाचं नाव लागलं.

मितेश सर धावत आले. "काकी! पहिली! पहिली आली तुमची पोर!"

मैनानं हात जोडले. तलावाला जोडले, सरांना जोडले, वर आभाळाकडे जोडले. पाण्यातून क्षितिजा तिला शोधत होती. सापडली तेव्हा तिनं एक बोट वर केलं.

मेघाली खुर्चीवरून उठून पंचांच्या टेबलाकडे चालत गेली, ते मैनानं पाहिलं. पोर दुसरी आली म्हणून काही विचारत असेल, असं तिला वाटलं. तिला वाईटही वाटलं.

"सूटची पट्टी बघून घ्या सगळ्यांची," मेघाली टेबलाशी सांगत होती. "एवढंच म्हणणं आहे माझं. नियम सगळ्यांना सारखा पाहिजे ना? आमचे सरच म्हणतात."

मुख्य पंच बाई ठाण्याहून आल्या होत्या. त्यांनी पहिल्या दोघींना बोलावलं. मृणालीची पट्टी स्वच्छ, पांढरी. क्षितिजाला पाठमोरी उभी केली. पाण्यानं हळद पसरली होती. पट्टी कडेपर्यंत पिवळी-लाल झाली होती. बाईंनी रुमाल ओला करून पुसलं. टेबलावरचा हात धुवायचा साबण लावून पुसलं. हळदीला साबण लागला तशी ती आणखी लाल भडकली, आणि त्याबरोबर खालची नक्षीही रुमालावर आली.

"हे काय लावलंय?"

"हळदकुंकू हाय," मैना पुढं होऊन म्हणाली. "नव्या कापडाला लावतात ना बाई, ते."

टेबलामागचा तरुण फिसकन हसला. मागं पोरींची गर्दी जमली होती, तीही हसली.

"सूट मान्यतेचा आहे हे आकड्यांवरून कळतं," पंच बाई म्हणाल्या. त्यांचा आवाज वाईट नव्हता. "आकडे वाचता आले नाहीत तर सूट धरता येत नाही. सूट नाही तर शर्यत नाही."

"मॅडम, हा सूट हिचाच!" मितेश सरांनी मृणालीकडे बोट केलं. "मागच्या निवडीला याच सूटमध्ये तुम्ही हिला मेडल दिलंत. तोच हिला देतानाचा फोटो आमच्या ग्रुपवर आहे, हे बघा."

"फोटोत पट्टी दिसते का?"

फोटोत मेघालीचं हसू दिसत होतं आणि मैनाची उचललेली मान. सूट घडीत होता.

"मग मालकिणीनं सांगावं," पंच बाई मेघालीकडे वळल्या. "हा तुमचाच सूट का?"

मेघालीनं क्षितिजाकडे वरपासून खालपर्यंत बघितलं. पोर थरथरत होती. कुणी तिला टॉवेल दिला नव्हता. "दिला होता आम्ही एक," मेघाली म्हणाली. "तोच हा, की बाजारातनं दुसरा घेतला, ते मी कसं सांगू? काळे सगळे सारखेच."

"मृणाली," सर म्हणाले, "तू घातलास ना हा? तू सांग बाळा."

मृणालीनं आईकडे पाहिलं. मग पायाच्या बोटांकडे पाहिलं. "मला नाही आठवत, सर."

क्षितिजा एकदम म्हणाली, "आठवत न्हाय? तूच सांगितलंस मला, हा काखेत काचतो म्हणून!"

"मी नाही सांगितलं."

मैनाला आता सगळं दिसलं. वाकलेली मेघाली, नखानं दाखवलेली जागा, मान वर केलेली मृणाली. तिचा आवाज चढत नसे, तो तेव्हाही चढला नाही. "ताई, तुमीच दावली ना मला ती पट्टी? करंडा तुमीच आणला. भरून लाव म्हनालात."

"मी?" मेघालीनं गळ्याला हात लावला. "अगं बाई, मी कशाला सांगेन? मागच्या वर्षी पट्टी फाटली म्हणून एका पोरीला निवडीतून बाहेर बसवलं होतं, माझ्या डोळ्यांदेखत. मला माहीत असताना मी सांगेन? वज्रेश्वरी आईची शपथ, मी असं काही बोलले नाही."

 बाईमाणसानं खोटं बोलावं, ते मैना समजू शकत होती. पण देवीच्या नावावर?

"काकी, तुम्ही पण शपथ घ्या!" मितेश सर तिच्या कानाशी म्हणाले. "शपथेला शपथ. बाई ऐकतील. मृणाली पण घाबरेल, बोलेल. घ्या पटकन."

पंच बाई थांबल्या होत्या, हे खरं. त्या दोघींकडे आळीपाळीनं बघत होत्या.

"आई, घे ना," क्षितिजा म्हणाली.

मैनाचे ओठ हलले. पण नाव बाहेर आलं नाही. एकीनं देवीला इकडं ओढलं, दुसरीनं तिकडं ओढायचं, रस्सीखेचीच्या दोरखंडासारखं? तिनं मान हलवली. "मी खरं ते सांगितलं. शपथ मी घेत न्हाय."

"बघा," मेघाली म्हणाली. हळू आवाजात, जवळजवळ मायेनं. "आता समजून घ्या तुम्हीच."

पंच बाईंनी फळ्याकडे हात केला. तरुणानं क्षितिजाच्या नावावर आडवी रेघ ओढली. रेघेखाली नाव वाचता येत होतं.

परतताना रिक्षात क्षितिजा बाहेर तोंड करून बसली. सूट उतरवायला तिनं आईला हात लावू दिला नव्हता. एकटीनं ओढून ओढून काढला, मांड्यांवर लाल वळ उठले. घरी धनेश आला होता. त्याला केसरीनाथनंच गोदामात सांगितलं होतं, सगळ्या हमालांसमोर. "तुझ्या बायकोनं पोरीच्या ढुंगणाला कुंकू लावून पाठवली म्हणे! नवरी हाय का पोहणारी?"

"मंग तू काय बोललास?" मैनानं विचारलं.

"काय बोलू? हसलो." धनेशनं ताटातला भात चिवडला. "उद्या ड्युटी त्यांच्याच दारात हाय माझी."

संध्याकाळी क्लबच्या मॅनेजरचा फोन आला. सोमवारपासून पोरीला पाठवू नका. मग मेघालीचा निरोप आला, आवाजातला. मैनानं तो सगळ्यांसमोरच लावला. लपवायला तिला सुचलंच नाही. "मैना, झालं ते मनाला लावून घेऊ नको हां. नियम म्हणजे नियम. आणि तो सूट धुऊन पाठव. मृणालीला राज्याला जाताना सरावाला एक जास्तीचा लागेल. पट्टीचं बघू, डाग घालवायला माणूस आहे आमच्याकडं."

क्षितिजा खदाखदा हसली. हसता हसता ती उठली, देव्हाऱ्याखालून सूट काढला आणि आईच्या अंगावर फेकला. "घे, धू. देवीचं काम हाय ना!"

"क्षितिजा," धनेश म्हणाला.

"बाबा, तुमी हसा." ती आईकडे वळली. "बाकी कायपन सोड. हळद लावलीस, ठीक. तुला माहीत नवतं. पण एक शपथ? खरीच शपथ होती ना ती? खरी शपथ घेता आली न्हाय तुला माझ्यासाठी?"

मैनानं अंगावर पडलेला सूट घडी घालायला घेतला.

"तिनं खोटी घेतली, तिची पोर चालली. तुझा नेम तुझ्याकडं ठेव तू. आन् जा, तुझ्या देवीला इचार, तिला तरी वाचता येतात का ते आकडे."

मैनानं सूट मोरीत नेला. साध्या पाण्यानं धुतला, साबण लावला नाही. पिळला नाही; पिळू नका असं सरांनी सांगितलं होतं. पट्टी तशीच लाल राहिली. तिनं तो अंगणात सावलीला दोरीवर टाकला. पाणी त्याच्यावर ठरत नव्हतं. थोड्याच वेळात तो कोरडा झाला, जणू कुणी त्यात पोहलंच नव्हतं.

धनेश दारात येऊन उभा राहिला. "परवा मंगळवार हाय. मिठाचं मी काय बोलत न्हाय. पण आता तो नवसाचा इषय राहिला नसंल."

"का?"

"का म्हंजे? पोर हरली ना."

मैनानं दोरीवरची चिमट्यांची ओळ नीट केली. "मी देवीला म्हनाले, पयली येऊंदे. पयली भिंतीला हात कुनी लावला?"

"तिनंच. पण निकाल..."

"निकाल देवीनं लावला न्हाय." ती आत गेली. "तिनं दिलं ते दिलं. मधी मानसांनी काढून घेतलं, त्याचा आळ मी तिच्यावर घालू का?"

 धनेशला भीती वाटली ती वेगळीच. ही बाई त्या बंगल्यात जाऊन आरडाओरडा करेल, असं त्याला दिवसभर वाटत होतं, आणि ते परवडलं असतं, असं आता वाटू लागलं.

मंगळवारी उजाडायच्या आधी मैना उठली. अंघोळ केली. दिवा लावायच्या आधी ती बोलत नसे, आणि बोलण्यासारखं कुणी जागंही दिसत नव्हतं. तिनं ट्रंकेतून खणाचं नवं कापड काढलं, हिरवं, लाल काठाचं. सोबत नारळ, तांदूळ, बांगड्या. दिवा लागला.

तिचं बोट करंड्याशी गेलं आणि थांबलं.

हळदीत बुडवायचं की नाही, एवढाच प्रश्न होता. बोट हवेत राहिलं. त्या बोटाच्या नखाशी अजून पिवळेपणा होता, धुऊनही न गेलेला. खोलीच्या कोपऱ्यात गोधडी हलली. क्षितिजा जागी होती. तिचे डोळे उघडे होते आणि ती आईच्या बोटाकडे बघत होती.

मैनानं बोट हळदीत बुडवलं. खणाच्या कोपऱ्याला एक ठिपका, त्यावर कुंकवाचा. भरून नाही, ठमाबाईंनी सांगितला होता तेवढाच.

क्षितिजानं तोंड भिंतीकडे फिरवलं.

"भाकरी टोपल्यात हाय," मैना म्हणाली. "सूट दापोड्याला बाबा नेऊन देतील. तू जाऊ नको."

 तिनं ओटीचं सामान पदराच्या गाठीत बांधलं, चपला उंबऱ्याच्या आतल्या बाजूला जोडीनं लावून ठेवल्या आणि दार आवाज न करता ओढून घेतलं. अंगणात दोरीवर सूट लोंबत होता. तिनं त्याला वळसा घातला. रस्त्यावर रात्रपाळीचे ट्रक अजून जात होते, कडेला खडी पसरलेली होती. पहिल्या खड्यावर तिचा पाय जरा कचरला, मग नीट पडला. ती वज्रेश्वरीकडं जाणाऱ्या अंबाडीच्या रस्त्याला लागली.